गोदामातील हमालांची सुरक्षितता : कायद्याने जबाबदारी कोणाची?

सहकारी संस्था, शेतकरी गट आणि मोठे बागायतदार यांची स्वतःची गोदामे आता गावोगावी दिसतात. धान्याला कीड व ओल लागू नये म्हणून आपण काळजी घेतो. परंतु थप्पी कोसळून किंवा धुरीच्या विषारी वायूने हमाल दगावल्यास जबाबदार कोण, याचा विचार क्वचितच होतो. ‘काम मुकादमाला उक्ते दिले होते’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

कायदा काय सांगतो?

कामामुळे व काम चालू असताना अपघात झाल्यास भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले असून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ते कायम आहे. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध व्हावी लागत नाही. धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले तरी हमालाला मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. हमालाने मुद्दाम नियम मोडला, ही सबब मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास चालत नाही.

उदाहरणार्थ, राज्य कामगार विमा योजनेत नसलेला, महिना १२,००० रुपये मिळवणारा ४० वर्षांचा हमाल दगावल्यास वेतनाचे निम्मे ६,००० गुणिले वयाचा गुणक १८४.१७, म्हणजे ११,०५,०२० रुपये भरपाई होते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. घरच्यांशी परस्पर तडजोड करून मोकळे होता येत नाही.

घ्यावयाची काळजी

१) थप्पी भिंतीपासून दोन-अडीच फूट दूर, लाकडी फळ्यांवर रचावी. पोत्यांचे थर आलटून-पालटून आडवे-उभे टाकावेत.

२) पोती वरून उतरवावीत, खालून कधीही ओढू नयेत. कललेल्या थप्पीजवळ कोणास जाऊ देऊ नये.

३) ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. धुरी मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावी, दारावर धोक्याची सूचना लावावी आणि तज्ज्ञाने गोदाम निर्धोक ठरविल्यावरच हमालांना आत सोडावे.

४) हजेरी व मजुरीची लेखी नोंद ठेवावी. सुगीचा माल येण्यापूर्वी हमालांच्या अपघात भरपाईचा विमा उतरवावा. मालाच्या विम्यात हमालांचा विमा आपोआप येत नाही, हे ध्यानात ठेवावे.