टर्बो कंपनीचाच, इंटरकूलर मोठा: कोटेशन कसं द्याल?

गिऱ्हाईक म्हणतं, "मोठा इंटरकूलर टाका, गाडी पळाली पाहिजे." लगेच हो म्हणू नका. टर्बोत दाबलेली हवा तापते, पार १०० अंशांच्या वर जाते. इंटरकूलर ती थंड करतो, एवढंच. टर्बो तोच, बूस्ट तेवढाच, ईसीयूला हात नाही, मग ताकद फार वाढत नाही. फरक कळतो तो उन्हात, सलग घाट चढताना. गाडी दमत नाही. हे आधीच सांगा. आणि कोर उगाच मोठा घेतला तर पिकअप मंदावतो, रेडिएटरची हवा अडली तर इंजिनच तापतं.

दर काढताना पाईप, सिलिकॉन होज, टी-बोल्ट क्लॅम्प, ब्रॅकेट, बंपर काढ-घाल, सगळं धरा. लीक टेस्ट वेगळ्या ओळीत लिहा. घाईत ती मी एकदा टाळली. डिझेल गाडी होती. दुसऱ्याच दिवशी काळा धूर सोडत परत आली. एक क्लॅम्प सैल! दिवसाची मजुरी गेली, गिऱ्हाईकही गेलं.

साधारण १ बार हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे बघा. बंपर त्यानंतरच चढवायचा.