योहानाचा कागद आणि चीनचा कागद

योहानाच्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या वचनात प्रेषित कागद व शाई यांचा उल्लेख करतो. मराठी वाचकास ‘कागद’ हा शब्द सुबोध आहे आणि भाषांतरकार या नात्याने मी तो बदलणार नाही. तथापि मूळ ग्रीक शब्दाने पपायरसचे पान सूचित होते. नाईलकाठच्या लव्हाळ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या रचून व दाबून ते तयार होई. आज आपण ज्याला कागद म्हणतो, तो प्रेषितांच्या जगात नव्हताच. तो चीनमध्ये होता.

इ. स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने सम्राटापुढे कागद करण्याची रीत मांडली. झाडाची साल, वाख, चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी भिजवून कुटायची, लगदा पाण्यात कालवायचा, साच्यावर त्याचा पातळ थर उचलून वाळवायचा. उत्खननात याहून सुमारे दोनशे वर्षे जुने कागदाचे तुकडे मिळाले आहेत. म्हणून त्साय लुनला जनकापेक्षा सुधारक म्हणणे रास्त. तोवर चिनी लोक बांबूच्या पट्ट्यांवर किंवा रेशमावर लिहीत. एक जड, दुसरे महाग!

मुद्रणाचा प्रारंभ गुटेनबर्गपासून झाला, असे आपल्या मंडळ्यांतून सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. तारीख नोंदलेला सर्वांत जुना उपलब्ध छापील ग्रंथ इ. स. ८६८ चा असून तो चीनमधील तुनहुआंग येथे सापडला. लाकडी ठशांनी छापलेली ही गुंडाळी म्हणजे वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्राचे कुमारजीवाने संस्कृतातून केलेले चिनी भाषांतर होय. वांग चिये नामक गृहस्थाने आईवडिलांप्रीत्यर्थ ती फुकट वाटण्यासाठी करविली, अशी नोंद तिच्या शेवटी आहे. धर्मग्रंथ लोकभाषेत आणावा, छापावा, विनामूल्य वाटावा, ही कल्पना केवळ आपलीच नाही, हे नम्रपणे मान्य करावे.

अकराव्या शतकात बी शंग याने भाजलेल्या मातीचे सुटे खिळेही केले. परंतु चिनी लिपीत चिन्हे हजारो. त्यामुळे तेथे लाकडी ठसेच सोयीचे ठरले. गुटेनबर्गला या खिळ्यांची माहिती होती, असा पुरावा नाही. कागदाचे ऋण मात्र निर्विवाद आहे. समरकंद, बगदाद, स्पेन, इटली असा प्रवास करीत तो जर्मनीत पोहोचला होता. सुमारे १४५५ मध्ये पूर्ण झालेल्या गुटेनबर्गच्या लॅटिन पवित्र शास्त्राच्या सुमारे १८० प्रतींपैकी बहुतेक कागदावर होत्या. चर्मपत्रावरील एका प्रतीस शंभराहून अधिक वासरांची कातडी लागत. त्या हिशेबाने शास्त्र घरोघर जाणे अशक्यच होते.

बंगालमधील सेरामपूर येथे १८११ मध्ये मराठी नवा करार मोडी लिपीत छापला गेला, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्याच छापखान्यात जोशुआ मार्शमन यांनी जोहान्नेस लासार या आर्मेनियन सहकाऱ्याच्या साहाय्याने संपूर्ण पवित्र शास्त्राचे चिनी भाषांतर सिद्ध केले, आणि ते १८२२ मध्ये पूर्ण छापून झाले. छपाई धातूच्या सुट्या खिळ्यांनी झाली. बी शंगच्या देशात जे फारसे रूढ झाले नव्हते, ते हजारो चिन्हांचे काम गंगेच्या काठी बंगालमध्ये पार पडले.