वडील की याजक?

आजचा उतारा: याकोब 5:13–16



आजच्या उताऱ्याने आमच्या घरात एकदा चांगलीच शांतता पसरवली होती. माझी बायको वसईची, कॅथलिक. मी प्रोटेस्टंट. दोन वर्षांपूर्वी सासरे आयसीयूत होते. मी सासूबाईंना म्हणालो, "आमच्या मंडळीतले दोन वडील जवळच राहतात, प्रार्थनेला बोलवू का?" त्या म्हणाल्या, "बोलवा ना. पण आधी फादर येऊ देत."

मी काही बोललो नाही, पण लागलं. आमची प्रार्थना काय वेटिंग लिस्टवर?

त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाईलवर हेच वचन उघडलं. याकोब सांगतो, कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. इथे मूळ ग्रीक शब्द आहे 'प्रेस्बुतेरोस', म्हणजे वयाने किंवा मानाने वडील. मंदिरात बळी अर्पण करणारा तो 'हिअरेउस'. आपल्या मराठी बायबलमध्येही दोन वेगळे शब्द आहेत, वडील आणि याजक. घोळ इंग्रजीत आहे. त्यांचा 'प्रीस्ट' आला प्रेस्बुतेरोसवरून आणि वापरतात तो हिअरेउससाठीही. दोन वेगळ्या क्लासना एकच नाव दिलं की काय होतं हे आपल्यातल्या कोडिंगवाल्यांना सांगायला नको.

यावरून केवढं रण माजलं होतं ते मी नंतर वाचलं. विल्यम टिंडेलने 1526च्या इंग्रजी नव्या करारात प्रेस्बुतेरोससाठी 'प्रीस्ट' टाळून 'सीनियर' लिहिलं, 1534मध्ये ते बदलून 'एल्डर' केलं. थॉमस मोरने 1529मध्ये त्याच्या शब्दनिवडीवर जोरदार टीका केली. 1582च्या ऱ्हीम्सच्या कॅथलिक भाषांतरात याकोब 5:14मध्ये 'प्रीस्ट'च आहे. आणि ट्रेंटच्या परिषदेने 1551मध्ये नेमक्या याच वचनावर निर्णय दिला होता: इथले प्रेस्बुतेरोस म्हणजे नुसते वयस्कर लोक नव्हेत, बिशपने दीक्षा दिलेले याजक. सासूबाईंनी ट्रेंटचं नावही ऐकलेलं नसेल, पण त्यांच्या त्या एका वाक्यामागे एवढा इतिहास उभा होता.

त्या रात्री मात्र मला वाटलं, मी जिंकलो. नव्या करारात मंडळीच्या एकाही सेवकाला हिअरेउस म्हटलेलं नाही. इब्री पत्रात तो शब्द ख्रिस्ताला लागतो, आणि 1 पेत्र 2:9 व प्रकटीकरण 1:6 मध्ये याजकपण सगळ्याच विश्वासणाऱ्यांचं आहे. लूथरने 1520मध्ये याच आधारावर सांगितलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे. शेजारी बसलेल्या बायकोला हे सगळं दाखवलं.

ती म्हणाली, "शब्द मान्य. पण मिस्सामध्ये फादर वेगळं बलिदान करतात असं आम्ही कधी म्हटलं? बलिदान एकच, ख्रिस्ताचं. तेच वेदीवर आपल्यासमोर येतं. फादर त्याच्या जागी उभे असतात, एवढंच. 'हे करा' असं त्याने प्रेषितांना सांगितलं होतं ना? आणि रोम 15:16 वाच."

वाचलं. तिथे पौल आपल्या सुवार्तेच्या सेवेला याजकाच्या कामाचा शब्द लावतो. पुढे हेही कळलं की सगळ्या विश्वासणाऱ्यांचं याजकपण त्यांची मंडळीही शिकवते. 1964च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात ते स्पष्ट आहे. फक्त दीक्षित याजकाचं याजकपण कमी-जास्त नव्हे, तर मुळातच वेगळ्या प्रकारचं आहे असं तो दस्तऐवज म्हणतो.

गाठ इथे आहे, आणि ती डिक्शनरीने सुटत नाही. ख्रिस्त आपलं याजकपण काही दीक्षितांच्या हातून चालवतो, की ते फक्त त्याचंच आहे आणि आपण सगळे त्यात सारखेच सहभागी आहोत? मी दुसऱ्या बाजूला आहे. तो सर्वकाळ जिवंत आहे म्हणून त्याचं याजकपण दुसऱ्या कोणाकडे जात नाही, असं मी इब्री 7 वाचतो.

पण खरं सांगू? हे ठासून म्हणताना माझीच पंचाईत झाली. आमच्यातही कोणी आजारी पडलं की पहिला फोन पाळकसाहेबांना. (सी.एन.आय.मध्ये त्यांना अधिकृतपणे 'प्रेस्बिटर' म्हणतात, म्हणजे तोच ग्रीक शब्द!) आणि मी? सगळे याजक म्हणणारा मी तीन दिवस पप्पांच्या कॉटशेजारी उभा होतो. रिपोर्ट वाचले, बिलं भरली, मंडळीच्या वडिलांना बोलवायची तयारी दाखवली. पण त्यांचा हात धरून एकदाही मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. त्यासाठी मला कोणी अडवलं होतं? सासूबाईंनी तर नाहीच. याकोब 5:16 एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतं आणि त्या वचनावर आमच्या दोघांच्या मंडळ्यांचं काही भांडण नाही.

सकाळी फादर आले. त्यांनी पप्पांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं, प्रार्थना केली. ते गेल्यावर मी पप्पांचा हात हातात घेतला. तळवा अजून तेलकट होता. मी मराठीत, अडखळत प्रार्थना केली. आमेन मात्र सासूबाई माझ्याआधी म्हणाल्या.

पप्पा त्यानंतर चार महिने आमच्यात होते.

उद्या इब्री 7:23–28 घेऊ. आधी एकदा वाचून ठेवा.