पेन ड्राइव्ह काढून टाक

चि. मनूस,


तुझ्या कादंबरीची प्रकरणं वाचली. भाषा छान वाहते आहे. पण पहिल्याच पानावर तुझ्या बातमीदाराच्या मोटरसायकलमागे ट्रक लागतो आणि पुढे एक अनोळखी माणूस सगळे पुरावे पेन ड्राइव्हमध्ये भरून त्याच्या हातात ठेवतो. त्याला काय कळलंय हेच वाचकाला माहीत नाही, मग त्याच्या जिवाला वाचकाने घोर का लावून घ्यावा?

स्टीग लार्सनची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' तुझी आवडती. ती पुन्हा काढ आणि मारामाऱ्या सोडून फक्त पत्रकार ब्लूमक्विस्टचं काम बघ. सुरुवातीलाच तो अब्रुनुकसानीचा खटला हरलेला आहे. एका बड्या उद्योगपतीविरुद्ध छापलेलं सिद्ध करता आलं नाही, तीन महिन्यांची कैद झाली. मग त्याच्याकडे येतो हॅरिएटचा शोध. ही सोळा वर्षांची मुलगी १९६६ साली नाहीशी झालेली. गावच्या वर्तमानपत्राच्या जुन्या निगेटिव्ह चाळताना त्याला मिरवणुकीच्या गर्दीत ती दिसते. रस्त्यापलीकडे काहीतरी पाहून तिचा चेहरा पार बदललाय. काय पाहिलं, ते फोटोत नाही. पण तिच्या मागे एक बाई कॅमेरा धरून उभी आहे, त्याच दिशेला. कोण ही बाई? फोटोंतल्या एका मोटारीच्या काचेवरच्या सुतारकाम कारखान्याच्या नावावरून तो थेट उत्तरेकडच्या नोर्शोला जातो आणि त्या बाईच्या मधुचंद्राच्या अल्बमपर्यंत पोचतो. तिथे कुणी त्याच्यावर बंदूक रोखलेली नाही, तरी आपली छाती धडधडते. एकेक पायरी आपण त्याच्याबरोबर चढलेलो असतो ना!

लार्सनला धोका पुस्तकातून कळला नव्हता. १९९५ साली सुरू झालेल्या 'एक्स्पो' या नियतकालिकातून तो स्वीडनमधल्या नवनाझींवर लिहीत राहिला. धमक्या येत. पत्ता उघड होऊ नये म्हणून जोडीदार एवा गाब्रिएलसनशी त्याने लग्न केलं नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये तो हृदयविकाराने गेला, कादंबरी २००५ मध्ये आली, जगभर खपली आणि लग्न झालेलं नसल्यामुळे एवाला वारसाहक्क मिळाला नाही. धोका घरात असा शिरतो, मनू. तुझ्या बातमीदाराला घर आहे की नाही, हेच मला अजून कळलेलं नाही.

तुझी गोष्ट कोकणातल्या जमिनींची आहे, म्हणून आणखी एक सांगतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीच्या प्रश्नावर लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी भरदुपारी त्यांना गाडीखाली चिरडण्यात आलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या मातीत पाठलागाचा ट्रक नुसता शोभेला उभा करू नकोस. मला ते सहन होत नाही.

तेव्हा पेन ड्राइव्ह काढून टाक आणि गड्याला तलाठ्याकडे पाठव. सातबाऱ्यावर नाव बदललेलं दिसू दे. त्या नोंदीशी फेरफाराचा नंबर असतो, त्यावरून फेरफार काढू दे. ज्याच्या अंगठ्यावर खरेदीखत झालं, तो म्हातारा त्या तारखेच्या आधीच वारलेला होता, हे ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीत सापडू दे. आता ट्रक आला तर वाचक हादरेल.

आणि ती नोंदवही त्याला दाखवली कुणी? समजा, तिथल्या कारकून बाईने. बातमी छापून आली की हा रत्नागिरीला निघून जाईल, पण तिला त्याच गावात राहायचंय, त्याच विहिरीवर पाणी भरायचंय. तिला न विचारता छापायचं का? संपादकाने नाव विचारलं तर सांगायचं का? तुझा बातमीदार अजून एकदाही रात्री जागा राहिलेला नाही. त्याला या बाईपायी जागव.

हे ग्रामपंचायतीचं प्रकरण आधी लिही, बाकीचं राहू दे. दिवाळीत आलीस की माझ्याकडचे जुने फेरफार दाखवतो. मोडीतले आहेत ते मी वाचून दाखवीन, म्हणजे नोंदीची भाषा कानावर बसेल. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा