गुरुवारचा अभ्यास : हरणाचं पाडस आणि कुत्र्याचं पिल्लू



मागच्या गुरुवारी भेस्तानच्या आमच्या अभ्यासवर्गात जडभरताची कथा घ्यायची ठरली होती. पण वर्ग सुरू होण्याआधीच बोलणं रंगलं ते एका कुत्र्यावरून. झालं असं, की आमच्यातल्या एका ताईंची भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिने एक व्हिडिओ पाठवला होता. पिवळसर रंगाचं, चांगलं मोठं झालेलं लॅब्रॅडॉर कुत्रं एका गाडीत चढतंय, आणि भाची, तिचा नवरा, दोन मुलं दारात उभी राहून डोळे पुसताहेत. हे कुत्रं दोन महिन्यांचं पिल्लू असताना त्यांच्या घरी आलं होतं. वर्षभराहून जास्त त्यांनी त्याला वाढवलं आणि त्या दिवशी परत दिलं. कशासाठी? तर पुढे ते एका अंध माणसाला रस्त्याने घेऊन जाणार होतं.

व्हिडिओ बघून आमच्यातल्या एक वहिनी पटकन म्हणाल्या, "द्यायचंच होतं तर जीव लावायचाच कशाला? आपल्याला नाही बाई जमणार."

खोलीत एकदम शांतता पसरली. वहिनींचं दुःख आम्हा सगळ्यांना माहीत आहे. नातू अडीच महिन्यांचा होता तेव्हापासून साडेतीन वर्षांचा होईपर्यंत त्यांनीच सांभाळला. मग मुलगा-सून पुण्याला गेले आणि नातूही गेला. त्यानंतर चार-पाच महिने वहिनी वर्गालासुद्धा आल्या नव्हत्या.

त्यांचा प्रश्न साधा नव्हता. म्हणून त्या दिवशीचा सगळा अभ्यास लिहून काढायचं ठरवलं. वहिनींना विचारूनच लिहितो आहोत.

हे पिल्लू वाढवणं म्हणजे काय?

आधी माहिती नीट समजून घेऊ. पहिल्या महायुद्धात कितीतरी सैनिकांचे डोळे गेले. त्यांच्यासाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग इथे १९१६ साली वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शाळा सुरू झाली. पुढे डोरोथी युस्टिस नावाच्या अमेरिकन बाईंनी जर्मनीतलं हे काम पाहिलं आणि १९२७ मध्ये त्यावर एक लेख लिहिला. नॅशव्हिल गावच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला त्याच्या वडिलांनी तो वाचून दाखवला. त्याने बाईंना पत्र पाठवलं. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडला त्यांच्याकडे जाऊन शिकला आणि 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कमध्ये बोटीतून उतरल्यावर त्याने पत्रकारांसमोर बडीच्या भरवशावर वाहनांनी भरलेला रस्ता ओलांडून दाखवला. लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १९२९ मध्ये, 'द सीइंग आय' म्हणजे 'पाहणारा डोळा' ही संस्था उभी राहिली. आज ती न्यू जर्सीत मॉरिसटाउनला आहे.

पण कुत्र्याला माणसांच्या जगाची सवय कुठे लागणार? आपल्या मुलांना तरी सगळं शाळेतच येतं का? जिना, रेल्वेचा आवाज, छत्री उघडणारा माणूस, बाजारातली गर्दी, रडणारं बाळ, हे सगळं घरातूनच कळतं. म्हणून १९४२ पासून या संस्थेने पिल्लं कुटुंबांकडे वाढवायला द्यायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये अशीच योजना १९५६ मध्ये आली.

भाचीने फोनवर पद्धत सांगितली ती अशी. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं असताना घरी येतं. नावसुद्धा शाळेनेच ठेवलेलं असतं. (आमच्या ताई मात्र व्हिडिओ कॉलवर त्याला 'सोन्या'च म्हणायच्या!) औषधपाण्याचा आणि खाण्याचा भार शाळा उचलते. घरच्यांनी द्यायचा तो वेळ. ठरल्या जागी शी-शू करणं, 'बस' म्हटलं की बसणं, बोलावलं की येणं, जेवणाऱ्याच्या ताटाकडे तोंड न नेणं, सोफ्यावर न चढणं, रस्त्यात खार दिसली तरी तिच्यामागे न धावणं, एवढं घरी शिकवायचं. रोज, न कंटाळता, घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने. आजोबांनी लाडाने टेबलाखाली पोळीचा तुकडा टाकला की महिनाभराची मेहनत वाया!

अंध माणसाला घेऊन चालण्याचं खरं शिक्षण त्यानंतर शाळेतले प्रशिक्षक देतात. त्याला साधारण चार महिने लागतात. मग चालण्याचा वेग, स्वभाव, राहण्याचं ठिकाण बघून माणूस आणि कुत्रं यांची जोडी जमवतात आणि ती दोघं काही आठवडे एकत्र शिकतात.

इथे आमचा एक मोठा गैरसमज दूर झाला. आम्हाला वाटायचं, कुत्रंच माणसाला बाजारात नेतं आणि घरी आणून सोडतं. तसं नाही. कुठे जायचं, कुठे वळायचं, रस्ता कधी ओलांडायचा हे माणूस ठरवतो. सिग्नलचा रंग बघून कुत्रं चालत नाही. माणूस वाहनांचे आवाज ऐकून 'पुढे' म्हणतो. कुत्रं खड्डा, खांब, पायरी चुकवतं किंवा तिथे थांबतं. आणि 'पुढे' म्हटल्यावर समोरून गाडी येत असेल तर ते हलतच नाही. आज्ञा कधी मोडायची हेही त्याला शिकवलेलं असतं. म्हणून पट्टा-दांडी घातलेल्या कुत्र्याला कुणी मधेच कुरवाळायचं नसतं, ते कामावर असतं.

आणखी एक गोष्ट फार आवडली. कुत्रं घेताना अंध व्यक्तीकडून पहिल्या वेळी दीडशे डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास डॉलर घेतात. एका कुत्र्यावर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, आणि कित्येक दशकांत ती वाढवलेलीही नाही. पण घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखं वाटू नये, 'माझं मी घेतलं' असं वाटावं, म्हणून ती आहे. देणाऱ्याने किती जपून द्यावं, हे इथे शिकण्यासारखं आहे.

सगळीच कुत्री या कामात पास होत नाहीत. एखादं घाबरट निघतं, एखाद्याची तब्येत साथ देत नाही. तेव्हा 'तुम्हाला हवं का?' असं आधी वाढवणाऱ्या कुटुंबालाच विचारतात. भाची म्हणाली, "मावशी, मनातल्या मनात वाटायचं, नापास होऊ दे, आपल्याकडेच येईल. आणि मग स्वतःचीच लाज वाटायची."

आता जडभरत

हे सगळं ऐकून झालं आणि मग आम्ही पोथी उघडली. भागवताच्या पाचव्या स्कंधातली कथा सर्वांना माहीत आहेच. भरत राजा राज्य सोडून गंडकीच्या काठी साधना करत होता. सिंहाची डरकाळी ऐकून एका गाभण हरिणीने नदीत उडी घेतली. पाडस पाण्यात पडलं, ती मेली. भरताने ते पाडस वाचवलं, वाढवलं. हळूहळू त्याचं स्नान, जप, पूजा सगळं मागे पडलं. पाडस दिसेनासं झालं की जीव कासावीस व्हायचा. अंतकाळी ध्यान पाडसाचं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

लहानपणापासून ही कथा ऐकताना आम्हाला वाटायचं, की पाडसाला जीव लावला हीच भरताची चूक. वहिनींनीही तेच म्हटलं, "बघा, पोथीतही तेच सांगितलंय. जीव लावूच नये."

पण सगळ्यांनी मिळून नीट विचार केला. भरताने पाडस वाहू द्यायला हवं होतं का? कोणीच 'हो' म्हणेना. बुडणाऱ्याला काढणं हा धर्मच होता. दूध पाजणं, ऊब देणं, वाघा-लांडग्यापासून जपणं, हेही बरोबरच होतं. मग चुकलं कुठे? पाडस मोठं झालं. त्याला शिंगं फुटली, पायात बळ आलं, रानाची ओढ लागली. तेव्हा त्याला रान द्यायला हवं होतं. पाडसाला आता भरताची गरज उरली नव्हती. भरतालाच पाडसाची गरज लागली होती.

न्यू जर्सीच्या त्या कुटुंबाने कमी जीव लावला का? मुळीच नाही. दारात उभी राहून रडत होती ती माणसं! फरक एवढाच, की पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं की हे पिल्लू कुणासाठी आहे. त्यामुळे रोजच्या शिकवण्याची दिशाच वेगळी झाली. 'हे आपल्याला किती चिकटतं' याकडे त्यांनी पाहिलं नाही. 'हे आपल्याशिवाय किती नीट वागतं' हे ते बघत राहिले. दुःख झालंच, पण ते दुःख आडवं आलं नाही.

आमची फजिती

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीजवळ एक अंध तरुण राहतो. मूळचे धुळ्याकडचे लोक. एके सकाळी उधना-सचिन रस्त्याच्या कडेला तो पांढरी काठी घेऊन उभा होता. ट्रकांचे हॉर्न, बाजूला लूम्सचा खडखडाट. आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. सेवेची संधी आली म्हणून एकीने डावा हात धरला, दुसरीने उजवा, आणि त्याला ओढतच रस्ता ओलांडून मधल्या बीआरटीएसच्या स्टॉपवर नेऊन उभं केलं. मनातून एकदम धन्य वाटलं! तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मावशी, मला इकडे यायचंच नव्हतं. मी तिकडे रिक्षाची वाट बघत होतो."

काय बोलावं सुचेना. आम्ही त्याला काही विचारलंच नव्हतं. मदत त्याला हवी होती की मदत केल्याचं समाधान आम्हाला हवं होतं? आमच्या हातातलं ते भरताचंच पाडस होतं, नाही का?

परत नेताना त्यानेच आम्हाला शिकवलं. आपल्या देशात वाट दाखवणारी कुत्री फार विरळ. मोकाट कुत्री अंगावर येणार, फुटपाथ धड नाहीत, जिथे आहेत तिथे लारी किंवा मोटरसायकल उभी. इथे चालते ती पांढरी काठी, आणि आपल्यासारख्यांचा हात. म्हणून त्याने सांगितलेलं सर्वांनी लक्षात ठेवावं :

१. आधी बोला, नाव सांगा, विचारा : "मदत हवी का? कुठे जायचंय?" 'नको' म्हटलं तर राग मानू नका.
२. त्यांचा हात किंवा काठी ओढू नका. आपलं कोपर पुढे करा, ते कोपराच्या वर धरतील.
३. आपण अर्धं पाऊल पुढे चाला, त्यांच्या वेगाने. पायरी आली की थांबा आणि 'वर' की 'खाली' ते सांगा.
४. 'तिकडे', 'इथे' म्हणून उपयोग नाही. 'डाव्या हाताला, चार पावलांवर' असं सांगा.
५. खुर्चीवर धरून बसवू नका. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, ते बसतील.
६. न सांगता निघून जाऊ नका. जाताना भिंत, खांब, खुर्ची अशा कशाजवळ तरी सोडा.
७. आणि आपली गाडी फुटपाथवर लावू नका. ही सेवा तर रोज घडू शकते.

१५ ऑक्टोबरला पांढरी काठी दिन असतो. त्याच्या आत प्रत्येक घरात हे सात मुद्दे मुलांना करून दाखवावेत. डोळ्यांवर रुमाल बांधून आपल्याच घरात स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालून बघा. आम्ही वर्गात केलं. पाच पावलांत दोघी टेबलावर आदळल्या.

वहिनींचं पुढे काय झालं?

तो तरुण मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी.ए. करतो आहे. पुस्तकं वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. वहिनी स्वतः मराठीच्या पदवीधर, आवाज स्वच्छ. रोज दुपारी अर्धा तास त्या एक-एक पाठ मोबाईलवर वाचतात आणि त्याला पाठवतात. पहिल्या आठवड्यात त्या वाचताना मधे मधे समजावूनही सांगायच्या. त्याने नम्रपणे सांगितलं, "काकू, फक्त वाचा. अर्थ मी लावतो." वहिनी हसून आम्हाला म्हणाल्या, "बघा, लागलं ना पुन्हा पाडस मागे!"

परीक्षा झाली की त्याला बहुधा बाहेरगावी नोकरीला जायचंय. तेव्हा हे वाचन थांबेल. वहिनींना ते माहीत आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. पूर्वी पुण्याला फोन केला की वहिनी नातवाला पहिलं विचारायच्या, "आजीची आठवण येते का रे?" तो गप्प व्हायचा, मग फोन आईकडे द्यायचा. परवा त्यांनी विचारलं, "आज शाळेत काय केलंस?" पठ्ठ्या वीस मिनिटं बोलत होता.

या आठवड्याचा अभ्यास

१. मी सांभाळलेलं असं कोण आहे, ज्याला आता माझी पूर्वीइतकी गरज नाही? हे मला मान्य आहे का?
२. मागच्या महिन्यात मी कुणाला न विचारता मदत केली का? तिचा त्याला उपयोग झाला की मला?
३. 'माझ्याशिवाय याचं कसं होणार' असं ज्याच्याबद्दल वाटतं, त्याला या आठवड्यात एक काम स्वतः करू द्यावं. आपण जवळ उभं राहावं, हात मात्र लावू नये.

उत्तरं वहीत लिहून पुढच्या गुरुवारी आणावीत. मोठ्याने वाचायची सक्ती नाही.