बंदीशाळा उघडणे सोपे, मिटविणे कठीण

बेळगावजवळचे हिंडलगा कारागृह आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९५० च्या एप्रिलमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांना तेथे खटल्यावाचून स्थानबद्ध करण्यात आले होते. सुमारे तीन महिन्यांनी त्यांची सुटका झाली. याच सावरकरांनी १९११ पासून १९२१ पर्यंत अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा भोगली होती. अंदमानच्या त्या बंदीशाळेवर चोहोकडून टीका होत असताही ती मिटविण्यास इतका विलंब का लागावा, हा प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे.

१८५७ च्या उठावानंतर लगेच, १८५८ मध्ये, इंग्रज सरकारने पोर्ट ब्लेअर येथे कैद्यांची वसाहत वसविली. पुढे १८९६ ते १९०६ या काळात तेथे सेल्युलर जेल उभे राहिले. मध्ये एक मनोरा, त्याभोवती सात लांब इमारती आणि प्रत्येक कैद्यास स्वतंत्र कोठडी, अशी त्याची रचना होती. कोलू फिरवून तेल गाळणे, काथ्या कुटणे ही तेथील नित्याची कामे.

१९१९ साली नेमलेल्या तुरुंग समितीने कैद्यांना अंदमानात धाडण्याची प्रथा जवळजवळ बंद करावी, अशी शिफारस केली. १९२१ मध्ये सरकारने ती तत्त्वतः स्वीकारलीही. मग बंदीशाळा मिटली काय? नाही. तीन अडचणी आडव्या आल्या.

पहिली अडचण जागेची. प्रांतांतील तुरुंग आधीच भरलेले होते. अंदमानातील हजारो कैदी परत घेण्यास प्रांत राजी नव्हते. उलट मलबारातील १९२१ च्या उठावातील अनेक कैदी तिकडेच पाठविण्यात आले.

दुसरी अडचण भीतीची. १९३० च्या चितगाव प्रकरणानंतर सरकार धास्तावले आणि १९३२ पासून राजबंद्यांना पुनश्च अंदमानात धाडू लागले. धोकादायक वाटणारा माणूस समुद्रापलीकडे असलेला बरा, हा त्यामागील विचार.

तिसरी अडचण जबाबदारीची. बहुसंख्य राजबंदी बंगालचे. तुरुंग हा विषय प्रांतांचा. अंदमानचा कारभार मात्र हिंदुस्थान सरकारचा. ज्या कामाचे दोन धनी, त्याचा निर्णय लांबणीवर पडावयाचाच.

१९३३ च्या अन्नत्यागात महावीरसिंह, मोहनकिशोर नामदास व मोहित मैत्र यांनी प्राण गमावले. १९३७ मध्ये प्रांतांत लोकांनी निवडलेली मंत्रिमंडळे आली. त्याच वर्षी जुलैमध्ये राजबंद्यांनी पुन्हा अन्नत्याग आरंभिला. देशभर सभा झाल्या. महात्मा गांधी व रवींद्रनाथ ठाकूर यांनीही त्यात लक्ष घातले. अखेर सप्टेंबरपासून राजबंद्यांना परत आणण्यास प्रारंभ झाला आणि जानेवारी १९३८ पर्यंत ते सर्व मायदेशी परतले. १९७९ साली ती वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

हे केवळ परकी राजवटीतच घडते असे मात्र समजू नये. क्यूबा बेटावरील ग्वांतानामो येथे अमेरिकेच्या नाविक तळावर जानेवारी २००२ मध्ये लष्करी बंदीशाळा उघडण्यात आली. तेथे एकंदर सुमारे ७८० माणसे ठेवण्यात आली. त्यांतील बहुतेकांवर खटला चाललाच नाही. २२ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ती एका वर्षात मिटविण्याचा आदेश काढला. परंतु कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणण्यासाठी पैसा खर्च करण्यास तेथील विधिमंडळाने मनाई केली. ते आपल्या राज्यात नकोत, असे अनेक प्रतिनिधींचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्येही तेथे १५ कैदी होते.

दोन्ही कथांत तीच भीती आणि तीच टाळाटाळ दिसते. बंदीशाळा उघडण्यास एक हुकूम पुरतो. ती मिटविण्यास मात्र आतील माणसे कोणीतरी आपल्या दारी घ्यावी लागतात. तेवढे धैर्य राज्यकर्त्यांत नसेल, तर ते जागृत लोकमतानेच निर्माण करावे लागते. उद्याचे नागरिक म्हणून हा धडा आपण ध्यानी ठेवावा: ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही न्यायासनापुढे उभे राहण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार समुद्रापलीकडे नेऊन बुडविता येत नाही.