न्यूमोनियाचा खर्च : पहिल्या दिवशी किती, चौथ्या दिवशी किती

मूल खोकतंय, अंगात ताप आहे, आणि आईला वाटतंय की काहीतरी वेगळं आहे. अशा वेळी पहिली वस्तू लागते ती सेकंदकाट्याचं घड्याळ किंवा मोबाइल. म्हणजे पहिला खर्च शून्य. मूल शांत होऊ द्यावं. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. झबलं वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पोट वर आलं, खाली गेलं, की एक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया आहे असं धरून त्याच दिवशी दाखवायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो.

ही मोजणी आजारपणाच्या कोणत्या दिवशी झाली, त्यावर पुढचं सगळं बिल ठरतं. न्यूमोनिया पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओळखला तर पाच दिवसांच्या गोळ्यांवर घरी बरा होतो. तोच चौथ्या दिवशी ऑक्सिजन मागतो. जगात पाच वर्षांखालची सात लाखांहून जास्त मुलं दर वर्षी या आजारानं जातात, त्यातली बहुतेक गरीब देशांतली. गोळ्यांचा पूर्ण कोर्स युनिसेफला एका मुलामागे साधारण अर्ध्या डॉलरला पडतो. इतक्या स्वस्त औषधाच्या आजारात इतकी मुलं जातात, याचं मला अजूनही पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

या लेखात रुपयांबरोबर मजुरीचे दिवसही मोजले आहेत. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली आहे. ज्या घरातलं मूल न्यूमोनियानं जाण्याची भीती जास्त असते, त्या घराचं माप हेच.

पहिल्या दिवसाचा खर्च

गावातल्या आशाताईला बोलावण्याचे पैसे नाहीत. श्वास मोजायचं प्रशिक्षण तिला मिळालेलं असतं. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘सांस’ मोहिमेत तर मुलाला पुढे पाठवण्याआधी ॲमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देण्याची मुभाही तिला आहे. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरचेही पैसे घेतले जात नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र या निर्णयात येत नाहीत, तिथं थोडंफार शुल्क लागतं.

खासगी डॉक्टरांकडे गेलात तर तपासणीचे तीनशे ते आठशे, गाव आणि डॉक्टर बघून. ॲमॉक्सिसिलिनच्या विरघळणाऱ्या गोळ्या किंवा पावडरचं औषध पन्नास-शंभर रुपयांत होतं. डोस वजनावर ठरतो, तेव्हा वजन केल्याशिवाय औषध लिहून घेऊ नका. मोठ्या भावंडाच्या उरलेल्या बाटलीतलं तर मुळीच देऊ नका. गोळ्या पाचही दिवस द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि औषध फळीवर राहून जातं, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो आणि तरी ते घडतं.

पैसे वाया जातात ते इतर गोष्टींवर. श्वास जलद आहे, पण मूल दूध पितंय आणि हसतंय, अशा मुलाला साधारणपणे एक्स-रे लागत नाही. सलाइनही लागत नाही. “काच लावली” म्हणजे उपचार झाला, ही आपल्याकडची समजूत खिसा रिकामा करते आणि लहान मुलाच्या फुप्फुसावर पाण्याचा बोजाही टाकू शकते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हजार-दीड हजारांत मिळतो, पण तो मोठ्या माणसाच्या बोटासाठी असतो. तान्ह्या बाळावर तो चुकीचे आकडे दाखवतो, म्हणून हे पैसे ठेवून द्यावेत.

खोकल्याच्या पातळ औषधाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. न्यूमोनिया त्यानं बरा होत नाही, नुसता दिवस जातो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची मुलं अशाच एका औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यातल्या अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांपर्यंत शक्यतो टाळावीत. सहा महिन्यांवरच्या मुलाला कोमट पाणी पाजावं. अंगावरचं दूध चालू ठेवावं. मध द्यायचा तर एक वर्षानंतरच.

गडचिरोलीचा हिशेब

इतक्या स्वस्तात न्यूमोनियापासून मुलं वाचवता येतात का, याचं उत्तर आपल्याच राज्यात पस्तीसेक वर्षांपूर्वी मिळालं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीतल्या ५८ गावांत आरोग्यदूतांना आणि दाईंना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. तेव्हाचं औषध को-ट्रायमॉक्सॅझोल होतं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे छापून आले : या गावांत पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५. औषधावर खर्च किती? वाचलेल्या एका मुलामागे २.६४ डॉलर.

ज्या दाईंना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी तिथं मण्यांची पाटी केली. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मोठ्या बाळांच्या ओळीत चार पांढरे आणि पाचवा लाल, तान्ह्यांच्या ओळीत पाच पांढरे आणि सहावा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी हातात आला तर न्यूमोनिया. निदानाला पदवी नाही, यंत्र नाही, वीज नाही. लाखांची उपकरणं असलेल्या दवाखान्यात मुलाचे श्वास मोजायला कुणाला एक मिनिट सापडत नाही, तेव्हा मला ती मण्यांची पाटी आठवते.

रात्र न काढता न्यायचं कधी

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, ज्याला आपण पोट उडतंय म्हणतो, तेव्हा वाफ-काढ्यात वेळ घालवू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावं. मूल पीत नाही, घेतलेलं सगळं उलटतं, आकडी येते, हलवूनही नीट जागं होत नाही किंवा शांत असतानाही श्वासाला घरघर येते, तर भरती हवीच. फार रोडावलेलं मूल असेल तर थांबूच नये. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास दोनदा मोजूनही ६० किंवा जास्त भरला तर त्याला घरच्या गोळ्या नाहीत, थेट रुग्णालय. पोटावर गरम विळ्याचे चटके देणं आपल्या राज्यात अजून थांबलेलं नाही. त्यानं न्यूमोनिया राहतोच, वर भाजल्याची जखम होते.

गाडी फुकट आहे. १०८ ला फोन केला तर ऑक्सिजन असलेली रुग्णवाहिका येते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी १०२ ची गाडी घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरीही सोडते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हे बसतं. २०११ मध्ये तो सुरू झाला तेव्हा महिन्याच्या बाळापर्यंत होता, नंतर वर्षापर्यंत वाढवला. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, सगळं त्यात येतं. “हे औषध बाहेरून आणा” अशी चिठ्ठी हातात आली, तर वैद्यकीय अधीक्षकांना या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. अनेकदा औषध आतच निघतं.

सरकारी भरती : फुकट, पण खर्च आहेच

पाच दिवस भरती म्हणजे आईची पाच दिवसांची मजुरी, १,५६० रुपये. सोबत बाप राहिला तर तेवढेच आणखी. घरी राहिलेल्या भावंडांचं जेवण, शेजारणीचे उपकार, तालुक्याच्या गावचा चहा-वडापाव, डबा आणणाऱ्याचं एसटीभाडं. हे बिलात दिसत नाही, आणि याच्यामुळेच माणसं तिसऱ्या दिवशी मूल उचलून घरी नेतात. आदिवासी भागात नवसंजीवनी योजनेखाली दाखल मुलाच्या पालकाला जेवण आणि बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. भरतीच्या दिवशीच सिस्टरकडे नोंद करून घ्या, घरी जाताना मागितलं तर कागद सापडत नाहीत. बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवा.

खासगी भरती

इथं आकडे झपाट्यानं वाढतात. जनरल वॉर्डात औषधं आणि तपासण्या धरून दिवसाचे दोन-तीन हजार सहज होतात. मुलांच्या अतिदक्षता विभागात दिवसाला दहा हजार ही जिल्ह्याच्या गावीही नवलाची रक्कम राहिलेली नाही. म्हणजे तिथला एक दिवस हा मजुरीच्या बत्तीस दिवसांएवढा. शेळी, मंगळसूत्रातले मणी, सावकार, सगळं याच टप्प्यावर निघतं.

म्हणून डिपॉझिट भरण्याआधी, दारातच, एक प्रश्न : “डॉक्टर, इथं जनआरोग्य योजना मुलांच्या आजारासाठी लागू आहे का?” ‘मुलांच्या आजारासाठी’ हे शब्द गाळू नका, कारण एखादं रुग्णालय हृदयाच्या किंवा हाडांच्या उपचारांपुरतंच योजनेत असू शकतं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. बाह्यरुग्ण विभागातला साधा न्यूमोनिया यात बसत नाही, भरती लागणारा गंभीर आजार यादीत असेल तर बसतो. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठा. नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. शिधापत्रिका, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला लागतो. बाळाचं नाव अजून शिधापत्रिकेवर चढलेलं नसलं तरी परत फिरू नका, जन्मदाखल्यावर काम होतं. रात्री कागद हाताशी नसतील तर तातडीची नोंद फोनवर करून घेता येते.

योजना नसेल तर रुग्णालय धर्मादाय आहे का ते बघा. पाटीवर ‘ट्रस्ट’ किंवा ‘धर्मादाय’ असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं ठरलेल्या योजनेप्रमाणे तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घेणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळी-केशरी शिधापत्रिका लागेल. समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारा. अडवलं तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते.

दोन्ही नसेल, तरीही काही हक्क हातात उरतात. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे प्रत्येक खासगी रुग्णालयानं दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद लावली पाहिजे. ऑक्सिजन तासावर लावतात की दिवसावर, डॉक्टरांच्या भेटी दिवसातून किती धरतात, हे आधी विचारा. औषधं त्यांच्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही.

पैसे संपले आणि मूल अजून ऑक्सिजनवर आहे, अशा वेळी घरचे ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, सही करतात आणि मूल रिक्षात घालून घरी आणतात. असं करू नका. “आम्हाला सरकारी रुग्णालयात पाठवा, तिथं फोन करा आणि १०८ बोलवा” असं सांगा. चिठ्ठीवर कोणतं औषध कधी दिलं ते लिहून घ्या. वाटेतला ऑक्सिजन तुटता कामा नये.

लशीचे पैसे

न्यूमोकॉकल लस, जिला डॉक्टर पीसीव्ही म्हणतात, ती खासगीत परदेशी बनावटीची घेतली तर एका डोसाला तीन ते चार हजार. असे तीन आणि वर एक बूस्टर, म्हणजे मजुरीचे चाळीस-पन्नास दिवस. हीच लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला एकेक आणि नवव्या महिन्यात बूस्टर. शुल्क शून्य. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल २०२० च्या डिसेंबरात आपल्याकडे आली, आणि तिच्यामुळे गरीब देशांसाठी ही लस आणखी स्वस्त झाली. सरकारी म्हणजे हलकी, असं समजून कर्ज काढून खासगी लस घेणारी कुटुंबं आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ते पैसे बाळाच्या आणि आईच्या खाण्यावर घालावेत. डोस राहून गेला असेल तर पहिला वाढदिवस होण्याआधी आशाताईला गाठा. पेंटाव्हॅलेंटमध्ये न्यूमोनियाच्या दुसऱ्या एका जंतूवरची लस असते, आणि गोवर झाला की न्यूमोनिया मागोमाग येतो, म्हणून गोवर-रुबेलाचे दोन्ही डोसही याच हिशेबातले.

चुलीचा धूर हा आणखी एक खर्च, आजारपणात वसूल होणारा. घरातल्या धुरानं मुलाच्या छातीच्या आजाराचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. सिलिंडर भरणं जमत नसेल तर निदान बाळाची झोळी स्वयंपाकाच्या जागेपासून दूर बांधा.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवा. राहिलेल्या गोळ्या किती दिवस, हे सिस्टरकडून कार्डावरच लिहून घ्या. दोन-तीन दिवसांनी आशाताईला परत श्वास मोजायला बोलवा. आकडा उतरला नसेल किंवा ताप असेल तर केंद्रावर जा, औषध बदलावं लागू शकतं. बरं होताना पंधरा दिवस रोज एक जेवण जास्त द्या. या काळात जुलाब लागले तर ओआरएसची पाकिटं आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या आशाताईकडेच मिळतात, त्याही फुकट. आणि आजारपणात चुकलेला लशीचा डोस कोणत्या वारी मिळेल, ते तिला त्याच भेटीत विचारून घ्या.